ए-टू जॅकेट: आधी लेबल, मग चेन, चित्र सगळ्यात शेवटी

अमेरिकन लष्कराच्या हवाई दलाचं जुनं चामडी ए-टू जॅकेट विकायला निघालं की बोली चढते ती पाठीवर रंगवलेल्या चित्रामुळे, आणि बनवाबनवीही तिथेच जास्त होते. म्हणून चित्राकडे आधी बघूच नये.

ए-टू मंजूर झालं मे १९३१ मध्ये. आधीच्या ए-वनला बटणं आणि विणीची कॉलर होती. याला चेन आणि चामड्याची कॉलर आली. १९४३ मध्ये नव्या ऑर्डरी थांबून कापडी बी-टेन सुरू झालं, पण मिळालेलं ए-टू वैमानिकांनी सहसा सोडलं नाही. चामडं बहुतेक घोड्याचं, काही बकरीचं. पाठ अखंड एका तुकड्याची. समोर दोन खिसे, त्यांच्या झाकणांची टिचबटणं आत लपलेली. ऊबेसाठी बाजूने हात घालायचे खिसे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या सरकारी जॅकेटला नसतात. दिसले तर प्रत नंतरची किंवा कोणीतरी बदल केलेली.

मानेखालच्या विणलेल्या लेबलवर ‘टाइप ए-२’, ड्रॉइंग क्रमांक ३०-१४१५, करार क्रमांक आणि कंपनीचं नाव असतं. उदाहरणार्थ रफ वेअर कंपनीचा करार ४२-१४०१-पी. नुसत्या लेबलवर विसंबू नका, नक्कल लेबलं सुटी विकत मिळतात. त्या कराराच्या जॅकेटची कॉलर, खिशाचा आकार आणि चेनची कंपनी (टॅलन, क्राउन, कॉनमार वगैरे) लेबलशी जुळते का, ते पाहायचं. प्रत्येक कंपनीची कापणी वेगळी असल्यामुळे ही ताडणी चांगली उपयोगी पडते. अमेरिकन हवाई दलाने १९८८ मध्ये ए-टू पुन्हा सुरू केलं. ती जॅकेटंही अस्सल सरकारी आहेत, फक्त युद्धातली नव्हेत. ‘सरकारी माल’ एवढंच ऐकून पैसे मोजू नयेत.

अंधारात यूव्ही टॉर्च मारा. नवा दोरा बहुधा निळसर पांढरा चमकतो, जुना सुती दोरा चमकत नाही. मात्र नंतर कोणी अस्तर डिटर्जंटने धुतलं असेल तर जुनंही चमकेल, तेव्हा टॉर्चचा निकाल अंतिम मानू नका.

आता चित्र. खरा जुना रंग चामड्याच्या घडीबरोबर तडकतो. नवा रंग आधीच पडलेल्या भेगांच्या आत उतरलेला दिसतो. भिंगाखाली फरक कळतो. बॉम्बची चित्रंही मोजा: एक बॉम्ब म्हणजे सहसा एक मोहीम. इंग्लंडमधल्या आठव्या एअर फोर्सच्या बॉम्बर वैमानिकांना घरी परतण्याआधी सुरुवातीला २५ मोहिमांची पाळी पुरी करावी लागे, १९४४ मध्ये ती ३० आणि मग ३५ झाली. १९४३ मध्येच घरी परतलेल्या माणसाच्या पाठीवर ३५ बॉम्ब असतील तर विक्रेत्याला कागद मागा.

आपल्याकडच्या संग्राहकांना जास्त भेटण्याजोगी आहेत ती चीन-ब्रह्मदेश-भारत आघाडीची जॅकेटं. आसामातल्या चबुआ, दिनजान, जोरहाटच्या धावपट्ट्यांवरून हिमालयापार चीनमधल्या कुनमिंगला माल नेणाऱ्यांची. त्यांवरची चामड्याची बोधचिन्हं पुष्कळदा इथल्याच बाजारांतल्या कारागिरांनी बनवलेली, त्यामुळे बोधचिन्हातला तारा वाकडा असणं हा दोष नव्हे. जॅकेटवर शिवलेल्या चिनी झेंड्याच्या कापडावर ‘हा परदेशी चीनच्या मदतीला आला आहे, त्याला वाचवा’ अशा अर्थाचा मजकूर असतो. अशा कापडाच्या सुट्या नकला अमाप आहेत. कडेचा टाका हळूच वर करून बघा: खाली चामडं गडद आणि न झिजलेलं हवं. आजूबाजूसारखंच झिजलेलं असेल तर तुकडा कालपरवा शिवलाय.

घेतल्यावर तेल चोपडू नका. मिंक ऑइलने चामडं ढिलं पडतं आणि जुना सुती दोरा कुजायला मदत होते. बोटाला लालसर भुकटी लागली तर तो रेड रॉट. झाडाच्या सालीत कमावलेल्या चामड्यात आम्ल वाढून त्यातले तंतू तुटतात, आणि हे उलटवता येत नाही. संवर्धनाचं काम करणारे तज्ज्ञ हायड्रॉक्सीप्रोपिल सेल्युलोज अल्कोहोलमध्ये विरघळवून हलक्या हाताने लावतात, त्याने भुकटी तेवढी थांबते. असं जॅकेट अंगात घालायचा नाद सोडावा.

मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी हमखास. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, प्लास्टिकचं कव्हर अजिबात नको. रुंद, गादी लावलेला हँगर वापरा, बाह्यांत आम्लरहित कागद भरा. बुरशी आलीच तर मास्क लावून बाहेर मऊ ब्रशने झाडा. टिचबटणांभोवतीचा हिरवा मेणचट थर लाकडी काडीने काढा, धातूचं पॉलिश चामड्यात मुरतं.

कफ आणि कंबरेची वीण लोकरीची, त्यामुळे कसर लागते. पिशवीत हवाबंद करून उणे २० अंशांवर दोन आठवडे ठेवलं तर अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर थंड चामड्यावर पाणी धरतं. वीण बदलावीच लागली तर शिवणाऱ्याला जुन्याच भोकांतून दोरा न्यायला सांगा. शेजारी नवी भोकं पाडली की घोड्याचं चामडं त्या रेषेवर फाटतं. आणि काढलेले जुने कफ पिशवीत घालून, जॅकेटसोबतच ठेवा.