पट्टीत एक गोणी जास्त

पहाटे साडेपाचला मी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, कांदा-बटाटा विभागातल्या एका गाळ्यावर उभी होते. आमच्या वेब ॲपमधून निघणाऱ्या पट्टीत, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशेबाच्या चिठ्ठीत, गोण्या जास्त येतात अशी तक्रार होती. बाणेरच्या ऑफिसात ती चूक काही केल्या सापडेना.

तोलणाराने पुकारलं, "बावन्न!" दिवाणजी काकांनी आकडा टाकून 'नोंदवा' दाबलं. हिरवं वर्तुळ फुगायचं, त्यात बरोबरची खूण उमटायची, खालची यादी उलगडत सरकायची. दीड सेकंदाचा हा खेळ मीच डिझाइन केलेला. काकांच्या जुन्या मोबाइलवर वर्तुळ अर्ध्यातच अडकलं. तोवर पुढची गोणी काट्यावर आली. काकांनी पुन्हा दाबलं.

"काका, दोनदा का दाबलंत?"

"अडकलं ना ताई ते. मला वाटलं, गेलंच नाही."

ओळीची उंची अ‍ॅनिमेट केली की ब्राउझरला प्रत्येक फ्रेमला, म्हणजे स्क्रीनवरच्या प्रत्येक चित्राला, खालची सगळी मांडणी नव्याने करावी लागते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या तर एकीला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात. त्या फोनला हे झेपणार कसं?

तिथेच गोण्यांच्या थप्पीवर लॅपटॉप ठेवून सगळी हालचाल काढली. आता सुटलं, असं मला मनापासून वाटलं. पण लागोपाठ दोन गोण्या बावन्नच्याच आल्या आणि काका थबकले. यादीत वर बावन्न, खाली बावन्न. अनुक्रमांक बदलला होता, पण त्या धांदलीत तो कोण बघतो? "गेली का नाही?" म्हणत बोट परत बटणाकडे निघालं. स्क्रीनने नोंद घेतली होती, पण घेतल्याचं सांगितलं नव्हतं.

मग नवी ओळ तेवढी वरून सरकत आणली, २०० मिलिसेकंदात. त्यासाठी फक्त ट्रान्सफॉर्म (ओळ नुसती सरकवणं) आणि ओपॅसिटी (तिची पारदर्शकता) वापरली, म्हणजे मांडणीला हात लागत नाही. एकूण गोण्यांचा आकडा मोठा केला आणि जागच्या जागी ठेवला. एकच नोंद दोनदा आली तर सर्व्हरवरही अडवली. हे तर पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं.

शेजारच्या गाळ्यावरच्या आजोबांनी डोकं गरगरतं म्हणून फोनमधली अ‍ॅनिमेशन बंद करून घेतली होती. ब्राउझर ही निवड 'प्रीफर्स रिड्यूस्ड मोशन' म्हणजे 'हालचाल कमी हवी' या सेटिंगमधून कळवतो आणि आम्ही ती वाचतच नव्हतो. याचं मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी ओळ सरकत नाही. नुसती पिवळी होते आणि पुढची नोंद येईपर्यंत पिवळीच राहते.

नऊच्या सुमाराला शिरूरहून आलेल्या शेतकऱ्याची पट्टी झाली. थप्पीवर बोट फिरवत त्याने गोण्या मोजल्या. अठ्ठेचाळीस. मग पट्टीवरचा आकडा दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवली.