परगावचा सामना, उघडे टेरेस आणि ॲक्रिंग्टन

इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन पायऱ्या आहेत. लीग टूमधल्या प्रत्येक क्लबला हंगामात 46 सामने खेळावे लागतात आणि त्यांतले 23 दुसऱ्याच्या गावात असतात. या 23 सामन्यांसाठी शनिवारचा अख्खा दिवस रेल्वेत आणि पावसात घालवणाऱ्या लोकांपैकी मी एक आहे. माझा क्लब कोणता, हे सांगण्याचे टाळतो, कारण नाव वाचताच गेल्या हंगामातल्या पराभवांची आठवण करून देणारे हितचिंतक मला पुरेसे आहेत. परगावचा सामना पाहावा तो खालच्या लीगच्या लहान मैदानावरच, हे माझे जुने मत आहे आणि ॲक्रिंग्टन स्टॅनली या क्लबच्या क्राउन ग्राउंडवर जाऊन आल्यापासून ते आणखी पक्के झाले आहे.

ॲक्रिंग्टन हे लँकशायरमधले जुने गिरणगाव. 1888 साली फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हाच्या बारा क्लबांत या गावाचाही एक क्लब होता. मात्र तो वेगळा, आणि तो लवकरच बुडाला. स्टॅनली 1921 मध्ये लीगमध्ये आला आणि 1962 मध्ये कर्ज इतके वाढले की हंगाम अर्धवट सोडून त्याला बाहेर पडावे लागले. पुढे तो क्लबच बंद झाला. 1968 मध्ये गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला आणि अगदी खालच्या स्थानिक लीगांतून चढत चढत 2006 मध्ये लीगमध्ये परत आणला. गंमत अशी की 1962 मध्ये स्टॅनलीची रिकामी जागा ज्या ऑक्सफर्ड युनायटेडला मिळाली होती, तोच क्लब 2006 मध्ये लीगमधून खाली घसरला. हा हिशेब ॲक्रिंग्टनच्या लोकांना तोंडपाठ आहे आणि परक्याला तो ऐकवण्याची संधी ते सहसा सोडत नाहीत.

स्टेशनपासून मैदानापर्यंतचा रस्ता चढणीचा आहे. मैदानाला लागूनच क्राउन नावाचा पब आहे आणि सामन्याआधी आपले लोक कुठे सापडतील, हा प्रश्न तिथे पडत नाही. मोठ्या क्लबांच्या गावात पाहुण्या समर्थकाला पबच्या दारातूनच परत पाठवतात किंवा पोलिसांच्या रांगेतून थेट मैदानात नेतात. इथे दोन्ही रंगांचे मफलर एकाच काउंटरवर दिसतात. अर्थात पेला संपवूनच आत जावे लागते. 1985 च्या कायद्याप्रमाणे मैदान नजरेच्या टप्प्यात असेल अशा ठिकाणी मद्य जवळ बाळगणे हा लीगच्या मैदानांवर गुन्हा आहे. रग्बी किंवा क्रिकेट पाहणाऱ्यांना हा नियम लागू नाही, याचा राग फुटबॉलवाल्यांच्या मनात अजूनही आहे आणि तो मला रास्त वाटतो.

पाहुण्या समर्थकांना लीगच्या नियमांचे थोडेसे संरक्षण आहे. मैदानाची क्षमता 20,000 पेक्षा कमी असेल, तर यजमानाने क्षमतेच्या किमान 10 टक्के तिकिटे त्यांच्यासाठी उपलब्ध करून द्यावी लागतात आणि तशाच जागेसाठी स्वतःच्या लोकांपेक्षा जास्त दर लावता येत नाही. प्रीमियर लीगमध्ये परगावच्या तिकिटावर 30 पौंडांची कमाल मर्यादा आहे. खाली तशी सवलत नाही. शिवाय 1983 पासून लीग सामन्याच्या तिकिटांचे उत्पन्न पूर्णपणे यजमान क्लबकडे जाते, म्हणजे मी मोजलेले पैसे माझ्याच प्रतिस्पर्ध्याच्या पगारपत्रकात जमा होतात. जेमतेम साडेपाच हजार प्रेक्षक मावतील अशा मैदानावर काहीशे पाहुणे आले, तर त्या दिवशीच्या गल्ल्यात फरक पडतो. तिथले स्ट्युअर्ड, म्हणजे प्रेक्षकांची व्यवस्था पाहणारे कर्मचारी, इतके अगत्याने का बोलतात, याचे निदान एक कारण तरी हे असावे.

पण खरा विषय आहे टेरेसचा, म्हणजे उभे राहून सामना पाहण्याच्या पायऱ्यांचा. 1989 मध्ये शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर गर्दीत प्रेक्षक चिरडून मेले आणि त्या दुर्घटनेच्या चौकशीनंतर आलेल्या टेलर अहवालामुळे वरच्या दोन स्तरांतल्या क्लबांना सर्व प्रेक्षकांसाठी आसने बसवावी लागली. खालच्या दोन स्तरांत मात्र उभे राहून सामना पाहण्याची जागा ठेवण्यास मुभा राहिली. ॲक्रिंग्टनमध्ये गोलच्या मागे पाहुण्यांसाठी जे टेरेस आहे, त्यावर छप्पर नाही. सिमेंटच्या रुंद पायऱ्या, त्यांवर ठरावीक अंतराने रोवलेले लोखंडी कठडे आणि वर लँकशायरचे आभाळ, एवढाच तिथला सरंजाम. आम्ही पोहोचलो तेव्हा भुरभुर चालू होती आणि मध्यंतरापर्यंत तिचा चांगला पाऊस झाला. कठड्यावर कोपरे टेकवली की जाकिटाच्या बाहीतून गार पाणी आत झिरपायचे, आणि कागदात गुंडाळलेला ‘पाय’ (रस्सा भरलेली भाजलेली पेस्ट्री) खाताना पावसाचे थेंब रश्श्यात पडून तो पातळ होत जायचा. समोरच्या टोकाला छपराखाली कोरड्या कपड्यांत उभे राहिलेले यजमान आमच्याकडे पाहून पावसावर रचलेले एक गाणे म्हणत होते, आणि ते चांगले जमले होते हे मान्य करायला हवे.

असे असूनही ती जागा मला सोडवत नव्हती. टेरेसवर आपली जागा ठरलेली नसते. गोल होण्याची चिन्हे दिसली की माणसे आपोआप पुढे सरकतात, कंटाळवाण्या खेळात मागे जाऊन गप्पा मारतात, आणि ज्याच्या शेजारी उभे राहिलो तो तासाभरात ओळखीचा होतो. खेळाडू इतके जवळ असतात की आमच्या गोलरक्षकाने बचावपटूला घातलेली शिवी आम्हाला स्पष्ट ऐकू आली आणि त्यावर आमच्यातल्या एका आजोबांनी दिलेला सल्ला त्यालाही ऐकू गेला. त्याने मागे वळून अंगठा दाखवला. मोठ्या स्टेडियममध्ये तीन हजार पाहुणे एका सुरात ओरडले, तरी त्यातला माझा आवाज म्हणजे समुद्रातला थेंब. इथे एका माणसाचे वाक्य कॉर्नर घ्यायला आलेल्या खेळाडूपर्यंत पोहोचते. त्यामुळे बोलताना थोडा विचार करावा लागतो, आणि सगळेच तो करतात असे नाही. लाइन्समनच्या आईवडिलांचा उद्धार करणारे लोक आमच्याकडेही आहेत, आणि ते लहान मैदानावर अधिक लाजिरवाणे दिसतात.

आम्ही हरलो. निकालाला कारणीभूत ठरलेली पेनल्टी आम्ही उभे होतो त्याच बाजूच्या गोलसमोर दिली गेली, त्यामुळे ती चुकीची होती हे टेरेसवरच्या प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, असा आमचा दावा आहे. सामन्यानंतर पाहुण्यांना अडवून ठेवण्याचा प्रकार तिथे झाला नाही. दोन्ही बाजूंची गर्दी एकाच उतारावरून स्टेशनकडे निघाली आणि यजमानांचा तांबडा मफलर घातलेले एक गृहस्थ पूर्ण रस्ताभर ती पेनल्टी कशी योग्यच होती, हे मला मुद्देसूद पटवून देत होते. त्यांचा एकही मुद्दा मला पटला नाही.

आमचा पुढचा परगावचा सामना वरून छप्पर आणि खाली क्रमांकित आसने असलेल्या नव्या मैदानावर आहे. तिकीट काढले आहे, पण उत्साह बेताचाच आहे.