चुकलेले सोळा तास

नवव्या आठवड्याच्या सोमवारी डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे हजेरी कमी असलेल्यांची यादी, लागली. सिग्नल्स अँड सिस्टिम्स या विषयाच्या रकान्यात माझ्या नावापुढे होतं: झालेले तास 32, हजर 16. पहिले चार आठवडे मी एकही तास चुकवला नव्हता आणि पुढचे चार आठवडे एकालाही बसले नव्हते.

त्यातले पाच तास तापात गेले. उरलेले अकरा मी बरी असताना चुकवले. ताप उतरल्यावर मी वर्गाच्या दारापर्यंत गेले होते. आत फळ्यावर फूरिए सिरीजची, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा सिग्नल साध्या लाटांत फोडायची, गणितं चालली होती आणि मला त्यातली एक ओळ कळेना. म्हटलं, आधी मागचं भरून काढू, मग बसू. पुढच्या तासालाही तेच म्हटलं. दर तासाला ते ‘मागचं’ एका तासाने वाढत होतं आणि मी लायब्ररीत बसून त्याची नुसती धास्ती घेत होते.

आमच्याकडे 75 टक्के हजेरी लागते. हा हिशोब फार निष्ठुर असतो आणि तो लवकर मांडलेला बरा, म्हणून इथे लिहिते. 75 टक्क्यांचा अर्थ, चुकलेल्या एका तासामागे बसलेले तीन तास. माझे 16 चुकले, म्हणजे 48 तास बसायला हवं. बसले होते 16, म्हणजे अजून 32. पण सत्र संपायला चारच आठवडे राहिले होते आणि आठवड्याला चार तास, एकूण 16. सगळे बसले तरी 48 पैकी 32, म्हणजे 67 टक्क्यांच्या आत. हा आकडा कागदावर दिसला तेव्हा पोटात गोळा आला. पण चार आठवड्यांत पहिल्यांदाच मला नक्की कुठे उभी आहे ते कळलं होतं.

त्याच दुपारी मी हा विषय शिकवणाऱ्या मॅडमना भेटले. तापाचं सर्टिफिकेट दिलं आणि उरलेले अकरा तास मी का आले नाही तेही सांगितलं. ते पाच तास धरले तर 48 पैकी 37 होत होते, म्हणजे 77 टक्के. पुढचा फार तर एक तास चुकला असता तर चाललं असतं. एका मैत्रिणीने सुचवलं होतं, “अगं, तारखा वाढवून घे ना सर्टिफिकेटवर.” मी नाही म्हटलं. कागदावर खऱ्या तापाचे दिवस होते, त्यांना खोटे दिवस जोडले असते तर मॅडमसमोर तोंड वर करून बसता आलं नसतं. आणि मला बसायचंच होतं. प्रॉक्सीबद्दलही, म्हणजे आपल्या नावाची हजेरी दुसऱ्याने लावण्याबद्दलही, माझं तेच मत आहे. हजेरी लागते, विषय मात्र तिथेच राहतो.

दुसऱ्या दिवशी मी तासाला गेले. लाप्लास ट्रान्सफॉर्म, म्हणजे फूरिए ट्रान्सफॉर्मचंच विस्तारलेलं रूप, सुरू झाला होता. जवळजवळ काहीच कळलं नाही. तरी पन्नास मिनिटं फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं आणि जिथे वाट तुटली तिथे समासात फुली मारली. सहा फुल्या झाल्या. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगते: मागचं भरून निघायची वाट बघू नका, आजच्या तासाला जाऊन बसा. काय चुकलंय हे आजचा तासच दाखवतो. माझ्या सहापैकी चार फुल्या फिरून फिरून एकाच जागी येत होत्या, फूरिए ट्रान्सफॉर्मवर, म्हणजे सिग्नल वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सींत फोडण्याच्या रीतीवर. सोळा तासांचा डोंगर मनात होता, पण वाट अडली होती ती मुख्यतः त्या एका विषयापाशी.

तिथून मी उलटी चालत गेले. लाप्लाससाठी फूरिए ट्रान्सफॉर्म हवा, त्यासाठी फूरिए सिरीज, आणि सिरीजच्या मागे कॉन्व्होल्यूशन, म्हणजे सिस्टिममधून गेलेला सिग्नल कसा बाहेर येतो ते काढायची रीत. कॉन्व्होल्यूशन मात्र मला येत होतं! ते चौथ्या आठवड्यात झालं होतं, मी बसले होते. वेळेतलं कॉन्व्होल्यूशन फ्रीक्वेन्सीत गेलं की साधा गुणाकार होतो, ही ओळ वाचली तेव्हा ही सगळी खटपट कशासाठी चालते ते मला पहिल्यांदा उमगलं. इथे मी तीन दिवस घालवले आणि त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. सॅम्पलिंगला, म्हणजे सलग सिग्नलचे ठरावीक वेळाने नमुने घेण्याला, एक संध्याकाळ पुरली. सिग्नलमधल्या सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यायचे. माणसाला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, म्हणून सीडीवर सेकंदाला 44,100 नमुने. एवढं कळल्यावर गणितं सुटू लागली.

मग एक प्रश्न घेऊन मॅडमकडे गेले: लाप्लासच्या सूत्रात s च्या जागी jω घातलं की फूरिए मिळतो, तर मग दोन ट्रान्सफॉर्म कशाला? त्या म्हणाल्या, “वाढत जाणारा सिग्नल घे आणि त्याचा फूरिए काढून दाखव.” निघेना. लाप्लास आधी त्या सिग्नलला एका घटत्या घातांकाने गुणून आवरतो, मग बेरीज करतो. दहा मिनिटांत तीन फुल्या पुसल्या गेल्या. ‘मॅडम, मला काहीच येत नाही’ असं म्हणत गेले असते तर त्यांनी तरी काय सांगितलं असतं?

मैत्रिणीच्या वहीची झेरॉक्स मी आधी दोन दिवस नुसती वाचली होती. वाचताना सगळं येतंय असं वाटे आणि कोऱ्या कागदावर एक ओळ उतरत नसे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा 2006 मधला प्रयोग मला तेव्हा सापडला. एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्याने एकदा अभ्यासून तीनदा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पहिल्या गटाला 83 टक्के आठवलं, दुसऱ्याला 71. आठवड्याने मात्र पहिल्याला 40 आणि दुसऱ्याला 61. माझी परीक्षा पाच मिनिटांनी नव्हती. त्यानंतर मी झेरॉक्स मिटूनच बसायचे, लिहायचे, अडले की उघडायचे. फार कंटाळवाणं आणि थकवणारं काम आहे हे. रोज एक तास, त्याहून जास्त झेपलं नाही.

पुढचे सोळाही तास मी बसले. परीक्षेत सॅम्पलिंगचा प्रश्न पूर्ण सुटला, लाप्लासचे दोन्ही सुटले, फूरिए सिरीजचा अर्धा राहिला. डिस्क्रीट टाइमचा, म्हणजे सुट्या नमुन्यांच्या सिग्नलचा, भाग मी मुद्दाम सोडला होता, त्याचे गुण गेले. तो भाग सुट्टीत केला, कोरा कागद घेऊन, कारण पुढच्या सत्रात डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग आहे आणि ते तिथूनच सुरू होतं.