बेचाळिसाव्या रस्त्यावरचा तो हंगाम

१४ एप्रिल २०१४, सोमवार

दुपारी पुलित्झरची यादी जाहीर झाली. नाटकाचं पारितोषिक ॲनी बेकरच्या ‘द फ्लिक’ला मिळालं. अंतिम तिघांमध्ये मॅडलिन जॉर्जचं नाटकही होतं, आणि तेसुद्धा ‘फ्लिक’सारखंच न्यूयॉर्कच्या प्लेराइट्स होरायझन्स थिएटरात पहिल्यांदा झालेलं. ऑफिसात हे ऐकून उड्या मारेल असं कोणी नाही. घरी येऊन चहा टाकला आणि वही काढली.

गेल्या वर्षी मार्चमध्ये ‘फ्लिक’ पाहिलं तेव्हा मध्यंतरात माझ्या पुढच्या रांगेतली माणसं कोट चढवून गेली, ती परत आलीच नाहीत. आज त्यांची सारखी आठवण येतेय. त्यांच्यावर राग मुळीच नाही. त्यांनीही माझ्यासारखीच अख्ख्या हंगामाची वर्गणी भरलेली असणार.

वर्गणी भरण्याचा अर्थ मला त्या हंगामात कळला. प्लेराइट्स होरायझन्स हे थिएटर पश्चिम ४२व्या रस्त्यावर, नवव्या आणि दहाव्या ॲव्हेन्यूच्या मध्ये आहे. पोर्ट ऑथॉरिटीच्या बस स्थानकातून उतरलं की चालत दहा मिनिटंही लागत नाहीत. रॉबर्ट मॉस यांनी १९७१ साली ते सुरू केलं ते नव्या अमेरिकी नाटककारांसाठी. शेक्सपिअर नाही, गाजलेल्या नाटकांची पुनरुज्जीवनं नाहीत. सत्तरच्या दशकात ते या रस्त्यावर आले तेव्हा आजूबाजूला अश्लील सिनेमे आणि मसाज पार्लरं होती. आता मोठ्या रंगमंचासमोर १९८ खुर्च्या आहेत, वरच्या छोट्या थिएटरात १२८. न्यूयॉर्कात ५०० किंवा अधिक आसनं असली तर ब्रॉडवे, १०० ते ४९९ असली तर ऑफ-ब्रॉडवे, असा ढोबळ हिशेब असतो. पण खरा फरक पैशाच्या रीतीत आहे. ब्रॉडवेवर निर्मात्याला घातलेलं भांडवल वसूल करायचं असतं, त्यामुळे चाललं तर वर्षानुवर्षं, नाही तर पंधरा दिवसांत गाशा गुंडाळायचा. इथे संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. नाटक काही आठवडे लागतं, मग पुढचं. खर्चाचा मोठा भाग देणगीदार उचलतात आणि आम्ही वर्गणीदार आधीच पैसे देऊन ठेवतो. अजून कोणीही न पाहिलेल्या नाटकासाठी. परीक्षण नाही, ‘अमक्याने वाखाणलंय’ नाही. कोणीतरी पहिला प्रेक्षक व्हावं लागतं, आणि ती जागा आपण विकत घेतलेली असते.

२०१२–१३चा हंगाम लिसा डॅमूरच्या ‘डेट्रॉइट’ने उघडला. शिकागोच्या स्टेपनवुल्फमध्ये ते आधी होऊन गेलं होतं, म्हणजे हे तसं पारखलेलं. बँकेतली नोकरी गेलेला बेन घरी बसून वेबसाइट बनवतोय, आणि शेजारी राहायला आलेलं जोडपं व्यसनमुक्ती केंद्रात भेटलेलं, घरात एक खुर्ची नाही. मागच्या अंगणात बार्बेक्यू होतात, मैत्री वाढते आणि अखेर घर पेटतं. २००८ नंतर आमच्या न्यू जर्सीतल्या कॉलनीतही नोकऱ्या गेल्या होत्या. सकाळी नऊ वाजता कुत्रा फिरवणारे बाप्ये दिसू लागले की समजायचं. त्यामुळे मला त्या अंगणातली प्रत्येक हसण्याची सर ओळखीची वाटली. हसू जरा जास्तच मोठं, जरा जास्तच लांब.

मग ऑक्टोबरच्या शेवटी सँडी वादळ आलं. हडसनखालच्या बोगद्यांत पाणी शिरलं, त्यांतून न्यूयॉर्कला जाणाऱ्या पाथ लोकल गाड्या कोलमडल्या, आमच्याकडे दिवे नव्हते. अशा नोव्हेंबरात बसने ताटकळत जाऊन सॅम्युअल हंटरचं ‘द व्हेल’ पाहिलं. नवरा म्हणाला, ‘आज राहू दे ना.’ मी ऐकलं नाही. वजन अडीचशे किलोंच्या वर गेलेला चार्ली, आयडाहोतल्या एका खोलीतून ऑनलाइन निबंधलेखन शिकवतो आणि रागावलेल्या मुलीशी उरलेल्या दिवसांत जोडून घेऊ पाहतो. चार्ली झालेल्या शुलर हेन्सलीचं ते शरीर श्वास घेताना ऐकू यायचं. इतक्या लहान जागेत त्याचा दम लागला की आपलाही लागतो. मोठ्या थिएटरात माइकवरून ते साधलं नसतं, असं मी ठामपणे म्हणेन.

एमी हर्झॉगचं ‘द ग्रेट गॉड पॅन’ डिसेंबरात. बालपणीचा मित्र येऊन सांगतो की माझ्या वडिलांनी माझा लैंगिक छळ केला, तुझाही केला का? आणि नायकाला आठवतच नाही. चांगलं नाटक, नेटकं. मला थोडं जास्तच नेटकं वाटलं.

आणि मार्चमध्ये ‘फ्लिक’.

आत शिरलं की समोर खुर्च्यांच्या रांगा आपल्याकडे तोंड करून. मॅसॅच्युसेट्समधलं एक कळकट सिनेमागृह, एकच पडदा, अजून ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर चालणारं. मागे भिंतीत प्रोजेक्टरची खिडकी. दिवे गेले की त्या खिडकीतून प्रकाश थेट आपल्या डोळ्यांवर येतो, म्हणजे पडदा आपल्या जागी आहे. सिनेमा संपतो, सॅम आणि एव्हरी झाडू घेऊन येतात आणि पॉपकॉर्न झाडू लागतात. झाडतात. एक रांग, दुसरी रांग. मध्येच एखादं वाक्य. मग पुन्हा झाडणं. मध्यंतर धरून तीन तासांहून जास्त वेळ हे चालतं.

पहिली वीस मिनिटं मीही घड्याळ पाहिलं. मग कधीतरी माझा वेग त्यांच्या वेगाला लागला. सॅम पस्तिशीचा आहे आणि अजून झाडतोय, हे कोणी सांगितलं नव्हतं, ते त्याच्या कमरेच्या वाकण्यात होतं. एव्हरी विशीतला, काळा, प्राध्यापकाचा मुलगा, सिनेमावेडा. कोणतेही दोन नट सांगा, तो एकापासून दुसऱ्यापर्यंत सिनेमांची साखळी जोडून दाखवतो, आणि जोडताना जो वेळ घेतो तो सगळा वेळ नाटककार त्याला देते. दिग्दर्शक सॅम गोल्डनेही त्यातलं एक सेकंद चोरलं नाही. प्रोजेक्टर चालवणारी रोझ हिरव्या केसांची. सॅमचा तिच्यावर जीव आहे आणि तो कित्येक प्रवेश ते गिळून बसतो.

तेंडुलकरांच्या नाटकांवर वाढलेल्या आम्हा लोकांना अर्धवट सोडलेलं वाक्य नवं नाही. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ची संहिता उघडली की टिंबंच टिंबं. त्यांचं ‘सखाराम बाइंडर’ २००४ साली न्यूयॉर्कात इंग्रजीत झालं तेही असल्याच छोट्या थिएटरात. पण तेंडुलकरांच्या थांबण्यामागे काहीतरी दबा धरून असतं, केव्हा झडप घालेल सांगता येत नाही. बेकरच्या थांबण्यात माणसं फक्त काम करत असतात. कमी पगारावर, दुसऱ्यांनी केलेला कचरा. त्याकडे एवढा वेळ बघण्याची सवय आपल्याला नाही, तीन डॉलरची कॉफी हातात घेऊन पुढे जायची आहे. मला वाटतं, लोक उठून गेले ते कंटाळ्याने असतील, पण त्या कंटाळ्यात थोडी अस्वस्थताही असणार.

इतकी तक्रारपत्रं आली की कलात्मक संचालक टिम सॅनफर्ड यांनी वर्गणीदारांना एक लांबलचक ईमेल पाठवली. मलाही आली होती. नाटकावर आपला विश्वास का आहे हे त्यांनी त्यात लिहिलं होतं. वर्तमानपत्रांनी त्याची बातमी केली, काहींना तो माफीनामा वाटला. मला तसं वाटलं नाही. संस्थेचा प्रमुख नाराज प्रेक्षकाशी बरोबरीने बोलतोय, त्याला अडाणी न ठरवता आणि लेखिकेला वाऱ्यावर न सोडता, हे मी फार कमी ठिकाणी पाहिलंय. तेव्हा पुलित्झर कोणाच्या स्वप्नातही नव्हतं, म्हणून त्या पत्राची किंमत मला जास्त वाटते. आता बाजू घेणं सोपं आहे.

आज जेवताना नवऱ्याशी ‘फ्लिक’मधल्या त्याच जागेवरून पुन्हा वाद झाला. सिनेमागृहातले हे नोकर तिकिटांच्या पैशातून थोडे काढून आपसात वाटत असतात, पूर्वीपासूनची रीत. एव्हरीला ते नको असतं, त्याला ओढून घेतात. मालक बदलतो, डिजिटल प्रोजेक्टर येतो, चोरी पकडली जाते, आणि आळ एकट्या एव्हरीवर येतो. तो दोघांना म्हणतो, तुम्हीही सांगा की आपण सगळेच होतो. रोझ आणि सॅम सांगत नाहीत. नवऱ्याचं म्हणणं, त्या दोघांकडे दुसरी नोकरी नव्हती, एव्हरीच्या पाठीशी बाप आणि कॉलेज होतं. ते खरंच आहे, नाटकात ते स्पष्ट आहे. तरीही तो मुलगा काळा आहे आणि संशय त्याच्यावर आपोआप जातो, हेही नाटकातच आहे. तीन तास मी ज्या गप्प बसण्यावर प्रेम करायला शिकले, त्याच गप्प बसण्याने एका मुलाचा बळी दिला. सॅमने तोंड उघडायला हवं होतं. भांडी घासताना मी हे पुन्हा म्हटलं, नवरा म्हणाला, ‘आणि भाडं कोणी भरलं असतं त्याचं?’