जळगावात बघायला काय आहे?

रविवार. डिसेंबरची कडक थंडी.

सकाळी लवकरची एसटी धरून धुळ्याहून निघाले. एरंडोल येईपर्यंत खिडकीची काच सरकवायची हिंमत झाली नाही. जळगावच्या स्टँडवर सावदेवाली आणि भुसावळवाली आधीच पोचल्या होत्या. (वसतिगृहात पडलेली ही नावं आता सुटत नाहीत. नवऱ्यांनाही तीच माहीत आहेत.) जळगाववाली गाडीत बसून हॉर्न वाजवत होती. तिचं कॉलेजपासूनचं पालुपद, "आमच्या जळगावात बघायला आहे काय? सोनं घ्या, केळी खा नि घरी जा." आजचा दिवस ठरवला तोच तिला खोटं पाडायला.

आधी जैन हिल्सवर गांधी तीर्थ. २०१२ मध्ये भवरलाल जैन यांनी उभं केलेलं हे संग्रहालय मी तासाभरात उरकायचं म्हणून आत गेले आणि दुपार डोक्यावर आली तरी पाय निघेना. सावदेवालीचा जीव मात्र फैजपुरात अडकलेला. फैजपूर म्हणजे तिचं शेजारचंच गाव. १९३६ साली काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन तिथं भरलं, अध्यक्ष नेहरू, गांधीजी स्वतः हजर, आणि नंदलाल बोसांनी बांबूंनी सजवलेलं नगर. हे सगळं ती आम्हाला असं सांगत होती की जणू मांडव हिच्याच घरचा. बोलू दिलं. तिचं खरंच होतं.

मग जुन्या जळगावात, चौधरी वाड्यात. गल्ली इतकी अरुंद की गाडी लांब लावून चालत गेलो. बहिणाबाईंचं हे सासरचं घर. त्यांच्या घरातल्या रोजच्या वापराच्या वस्तू, शेतीची अवजारं जपून ठेवलीत. लिहिता-वाचता न येणारी बाई काम करता करता गात होती, मुलगा सोपानदेव आणि एक भाऊबंद ते उतरवून घेत होते. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या आग्रहामुळं ती गाणी छापून आली. म्हणजे स्वतःचं पुस्तक त्यांनी हातात धरलंच नाही. मला तिथं याचंच जास्त वाईट वाटत राहिलं. आता अख्ख्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे.

बाहेर येताना कळलं, जळगाववाली इथं पहिल्यांदाच आली! घर दहा मिनिटांवर. "शाळेची सहल आली होती, तेव्हा मला ताप होता," म्हणे. भुसावळवालीनं तिला दिवसभर सोडलं नाही.

जेवण असोद्याकडं, जळगाववालीच्या सासरच्या मळ्यात. असोदा म्हणजे बहिणाबाईंचं माहेर आणि भरताच्या वांग्यांचं गाव. ही वांगी हिरवट-पांढरी, दांडगी, बी कमी. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याआधीही आम्ही दुसरं वांगं भरताला घेत नव्हतो. कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करून वांगी त्यात टाकली. साल काळं पडून तडकलं की सोलायची, आणि बडगीत घालून लाकडी मुसळीनं ठेचायची. मिक्सरचं नाव काढलं तर सासूबाई हाकलून देतील. वांग्यात हिरवी मिरची आणि लसूण, वरून तेलात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. हळद नाही. टोमॅटो घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त त्यांच्याकडं भरीत खायला जात नाही.

सोबत कळण्याची भाकरी. ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, त्यामुळं भाकरी जरा काळपट आणि चवीला खमंग. सासूबाई ताटात वाढतच होत्या. "पोरींनो, लाजू नका, शहरात हे काही मिळनार नाही." आम्ही लाजलो नव्हतोच.

संध्याकाळी मेहरूण तलावावर एक चक्कर, चहा. रात्री एका हॉटेलात शेवभाजी मागवली, तीच काय ती चुकली. शेव आधीच रश्शात टाकून ठेवलेली, फुगून लगदा झालेला. जाड तिखट शेव ताट वाढताना टाकायची असते, दाताखाली यायला हवी. काळ्या मसाल्याची तर्री मात्र झकास होती, म्हणून भांडलो नाही.

पुढच्या वेळी सगळ्या धुळ्याला. राजवाडे संशोधन मंडळ, समर्थ वाग्देवता मंदिर, लळिंगचा किल्ला, एवढं मी ठरवून टाकलं. जळगाववाली विचारते, "धुळ्यात बघायला आहे काय?" बसमध्ये बसल्यापासून ग्रुपवर तेच चाललंय. सावदेवालीला किल्ल्याशी देणंघेणं नाही. खापरावरचे पुरणाचे मांडे करणार असशील तरच येते, म्हणते. मला मांडे येत नाहीत. उद्या आईला फोन करते.