सीताफळ दाबून पाहणारं बोट : सहावा आठवडा

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की बोटाचं रीडिंग नाचतं. ते आता थांबलंय, आणि थांबल्यावर खरी चूक दिसली.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी: हे यंत्राचं बोट म्हणजे तांब्याच्या दोन पट्ट्यांमध्ये व्हेलोस्टॅटचा (दाबला की वीज जास्त जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचा) तुकडा, सोबत १० किलोओहमचा रेझिस्टर आणि रीडिंग घेणारा अर्डुइनो उनो हा छोटा बोर्ड. सर्व्हो, म्हणजे छोटी मोटर, हे बोट फळावर ठरावीक खोलीपर्यंत दाबतो. बालाघाटच्या डोंगरातली सीताफळं बीडच्या बाजारात आली की आमच्या घरी आई दाबून सांगते, हे आज खा, हे परवा. बोटाला तेवढंच जमायला हवंय.

लॅपटॉपचा चार्जर काढला की रीडिंगची थरथर निम्म्यावर यायची, म्हणजे ती घरातल्या ५० हर्ट्झ विजेची. तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. दर मिलिसेकंदाला एक सॅम्पल आणि लागोपाठच्या २० सॅम्पलांची सरासरी घेतली, लाट जवळजवळ सपाट झाली. सर्व्हो हलताना सुळके उडायचे ते वेगळेच. आधी सरासरी घेतली की एकच सुळका वीस रीडिंगांत पसरतो. म्हणून आता आधी पाच सॅम्पलांचा मध्यक, मग सरासरी.

मग किराणा दुकानातून वजनं आणली. वजन वाढवत नेताना २०० ग्रॅमला रीडिंग ४१२, आणि ५०० वरून उतरत परत २०० ला आलो तर ४४७! वजन तसंच ठेवलं तरी आकडा हळूहळू चढत राहतो. हा गोंगाट नाही, व्हेलोस्टॅटचा स्वभाव आहे. दोन रात्री मी सरासरी लांबवत बसलो. त्यानं फक्त स्पर्श उशिरा कळायला लागला.

मार्ग निघाला तो मोजायच्या वेळेतून. स्पर्श कच्च्या, म्हणजे सरासरी न घेतलेल्या सिग्नलवर ओळखायचा, तिथून बरोबर ३०० मिलिसेकंदांनी एकदाच रीडिंग घ्यायचं आणि पुढच्या दाबाआधी बोट १० सेकंद मोकळं ठेवायचं. उनोचं सर्वांत मोठं रीडिंग १०२३. रीडिंगला (१०२३ वजा रीडिंग) नं भागलं की वाहकतेच्या प्रमाणात आकडा मिळतो. तो दाबाबरोबर बराच सरळ वाढतो.

काल अकरा फळं तपासली, नऊ आईशी जुळली. चुकलेल्या दोन्हींवर बोट दोन डोळ्यांमधल्या खाचेत गेलं होतं. कडा टेकल्या, मधला भाग अधांतरी.

"डोळ्यावर दाब की, खाचंत काय कळतंय?" आई म्हणाली.

आता व्हेलोस्टॅटचे चार छोटे तुकडे वेगवेगळे वाचणार आहे. चारही टेकले तरच रीडिंग धरायचं.