ग्रेड वन, पण कोणाशी लढून?

2009 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या बेलमाँट पार्कवर मदर गूज स्टेक्स झाली. दर्जा ग्रेड वन, म्हणजे अमेरिकन रेसिंगमधला सगळ्यात वरचा. धावल्या किती? तीन घोड्या. रेचल अलेक्झांड्रा 19¼ लेंथने (एक लेंथ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, जॉकीने तिला धड हाकललंही नाही. तिच्यापुढे कोणी उभं राहायलाच तयार नव्हतं, त्यामुळे त्या दिवशी कोणाची तक्रार नव्हती. असा प्राणी दहा-पंधरा वर्षांत एकदा येतो, बाकीच्यांनी घरी बसणं समजू शकतं.

आता मात्र घरी बसायला रेचल अलेक्झांड्रा लागत नाही. समोर जरा बरा घोडा असला की पुरे.

मी न्यूजर्सीत राहतो, बरीच वर्षं शनिवारी दुपारी रेस बघतो आणि दोन दोन डॉलरची तिकिटं काढतो. बायको याला व्यसन म्हणते, मी हिशेब म्हणतो. हिशेबवाला माणूस म्हणूनच सांगतो: ग्रेड वन रेसवर पैसे लावणं मी जवळजवळ सोडलंय. पाच घोडे, त्यातला एक रुपयाला वीस पैसे भावाचा, दोन एकाच पागेतले, एक तिसऱ्या नंबरच्या बक्षिसासाठी आलेला आणि एक का आलाय ते त्याच्या मालकालाही सांगता येणार नाही. यात डोकं कुठे चालवायचं? ट्रायफेक्टा (पहिले तीन घोडे क्रमाने ओळखायचं तिकीट) लागली तरी हातात चहाचे पैसे.

लगेच कोणीतरी म्हणेल, घोडे कमी म्हणजे दर्जा कमी असं थोडंच आहे. बरोबर, नाहीच. 2021 ची व्हिटनी रेस घ्या. पाचच घोडे होते, पण ते कोण? निक्स गो, मॅक्सफील्ड, मेट माइल जिंकून आलेला सिल्व्हर स्टेट, बाय माय स्टँडर्ड्स आणि आदल्या वर्षी नर घोड्यांना हरवून प्रीकनेस मारलेली स्विस स्कायडायव्हर. तिथे डोळे मिटून तिकीट काढता येत नव्हतं. आणि 1978 चा जॉकी क्लब गोल्ड कप बघा. तेव्हाही मैदान भरलेलं नव्हतं. पण एका बाजूला सिअ‍ॅटल स्लू, 1977 चा ट्रिपल क्राउन विजेता, म्हणजे केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही रेस एकाच वर्षी जिंकलेला. दुसऱ्या बाजूला अफर्म्ड, त्याच वर्षीचा ट्रिपल क्राउन विजेता. दोघे काही आठवड्यांपूर्वी मार्लबरो कपमध्ये एकमेकांना भिडून चुकले होते, तिथे स्लू जिंकला होता, तरी दोघे पुन्हा आले. दीड मैल, चिखल झालेला ट्रॅक. अफर्म्डचं खोगीर सरकलं आणि तो संपला. स्लू पहिल्यापासून पुढे पळत राहिला. मागून, अगदी खूप मागून, एक्सेलर आला, पुढे गेला, स्लू मेलेला वाटत असताना पुन्हा अंगावर आला, आणि एक्सेलर नाकाच्या फरकाने जिंकला. मी ती रेस फक्त फिल्मवर पाहिली आहे, निकाल पाठ आहे, तरी शेवटच्या फर्लांगला अजून खुर्चीच्या टोकावर येतो.

एका ट्रिपल क्राउनवाल्याने दुसऱ्याशी एकाच मोसमात दोनदा भिडावं, हे आज कोणत्या मालकाला सुचेल? आणि का सुचावं?

या ‘का’चं उत्तर फ्लाइटलाइनच्या आकड्यांत आहे. मला तो घोडा प्रचंड आवडायचा, तेव्हा राग त्याच्यावर नाही. कारकिर्दीत सहा रेस, सहाही जिंकल्या. 2022 ची मेट माइल पाच घोड्यांत, पॅसिफिक क्लासिक 19¼ लेंथने, मग मोसमाअखेरची ब्रीडर्स कप क्लासिक 8¼ लेंथने. बक्षिसांची एकूण कमाई साधारण 45 लाख डॉलर. क्लासिकनंतर लगेच कीनलँडच्या लिलावात त्याचा फक्त अडीच टक्के हिस्सा विकायला काढला, तो 46 लाखांना गेला. म्हणजे सहा रेसमध्ये मिळवलं त्यापेक्षा जास्त, चाळिसाव्या हिश्शाचे! पूर्ण घोडा त्या भावाने 18 कोटी 40 लाखांचा झाला. पहिल्या मोसमाची स्टड फी एका घोडीमागे दोन लाख डॉलर. वर्षाला शंभर घोड्या धरल्या तरी दोन कोटी होतात, आणि लोकप्रिय स्टॅलियनकडे दोनशेच्या वर घोड्या जातात. वंशनोंद ठेवणाऱ्या जॉकी क्लबने 2020 मध्ये एका स्टॅलियनला वर्षाला 140 घोड्यांची मर्यादा घालायचा नियम केला होता, तो 2022 मध्ये मागे घ्यावा लागला. मग पाच वर्षांचा होईपर्यंत कोण पळवणार? एक पाय मुरगळला, एक पराभव झाला, की कोटींनी किंमत खाली.

साठच्या दशकातल्या केल्सोला ही चिंता नव्हती, तो खच्ची केलेला होता. 63 रेस, 39 विजय, सलग पाच वर्षं हॉर्स ऑफ द इयर, आणि जॉकी क्लब गोल्ड कप सलग पाच वेळा, तेव्हा तो दोन मैलांचा असायचा. आता सव्वा मैल आहे. फोरेगोही खच्ची, 57 वेळा पळाला. 1976 च्या मार्लबरो कपला त्याच्या पाठीवर 137 पौंड होते आणि ऑनेस्ट प्लेझरवर 119. अठरा पौंड जास्त घेऊन त्याने शेवटच्या ढांगेत गाठलं. आज कोणत्या रेसिंग सेक्रेटरीने एखाद्या घोड्याला 137 पौंड दिले तर ट्रेनर त्याच दुपारी घोडा दुसऱ्या राज्यात पाठवेल. म्हणून हँडिकॅप रेसच उरल्या नाहीत म्हणा ना. चांगल्या घोड्यावर वजन टाकून मैदान सारखं करायची जुनी युक्ती गेली आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही.

दुसरी गोष्ट सरळ संख्येची. उत्तर अमेरिकेत 1986 साली 51 हजारांवर थरोब्रेड शिंगरं नोंदली गेली. आता वर्षाला 17-18 हजारांच्या आसपास. शिवाय 1960 मध्ये एक घोडा वर्षाला सरासरी अकरा वेळा पळायचा, आता सहाच्या आसपास. दोन्ही एकत्र करा. घोडे एक तृतीयांश, आणि प्रत्येक घोडा निम्मा. ग्रेड वन रेस मात्र त्या प्रमाणात अजिबात कमी झालेल्या नाहीत. पंगती तितक्याच आणि जेवायला माणसं सहावा हिस्सा, मग प्रत्येक पंगतीत पाच-सहा पानंच मांडली जाणार.

त्यात वेळापत्रक. 1973 मध्ये सेक्रेटॅरिएट वूड मेमोरियलला अँगल लाइट आणि शॅमच्या मागे तिसरा आला आणि दोन आठवड्यांनी डर्बी जिंकला. आज डर्बीचा विजेता दोन आठवड्यांनी प्रीकनेसला येईलच याची खात्री नाही. 2022 मध्ये रिच स्ट्राइक आला नाही, 2025 मध्ये सॉव्हरेन्टी आला नाही. सॉव्हरेन्टीचं पुढे भलंच झालं: बेलमाँट जिंकला, ट्रॅव्हर्स जिंकला. त्यामुळे ट्रेनरला चूक म्हणायची सोय नाही. दोन रेसमध्ये पाच-सहा आठवडे विश्रांती हा आता नियमच झालाय, आणि 1984 पासून ब्रीडर्स कप हे सगळ्यांचं शेवटचं स्टेशन. शरद ऋतूतल्या ज्या रेस पूर्वी स्वतःच्या जिवावर मोठ्या होत्या, त्या आता क्लासिकच्या आधीचा व्यायाम. एकच व्यायाम पुरतो, मग घोडे तीन-चार ठिकाणी विखुरतात. वुडवर्ड, जो फोरेगोने सलग चार वेळा जिंकला, आता ग्रेड टू आहे. मदर गूजही ग्रेड टू.

म्हणजे रेसना दर्जा देणारी ग्रेडिंग कमिटी झोपलेली आहे असं नाही. 2017 मध्ये तिने न्यूयॉर्कची वूड मेमोरियल आणि केंटकीची ब्लू ग्रास एकदम खाली उतरवल्या, तेव्हा न्यूयॉर्कवाल्यांनी काय आरडाओरडा केला! ब्लू ग्रासने 2022 मध्ये दर्जा परत मिळवला, वूडला अजून जमलेलं नाही. मला हे योग्य वाटतं. पण ज्या मोजपट्टीने जगभर दर्जा ठरतो, तिच्यात एक गंमत आहे. रेसचं रेटिंग म्हणजे पहिल्या चार नंबरांच्या घोड्यांच्या रेटिंगची सरासरी, ग्रेड वनसाठी साधारण 115 हवं, तीन वर्षांची सरासरी धरून. फ्लाइटलाइनला 140 मिळालं होतं, ब्रिटिश घोडा फ्रँकलइतकं. आता कागदावर मांडून बघा: एक 140 चा आणि त्याच्यामागे 107 चे तीन. सरासरी 115 च्या वर! 107 म्हणजे ग्रेड थ्रीच्या तोलाचे घोडे. म्हणजे एकाच राक्षसाने तिघा सामान्यांना घेऊन रेसला त्या वर्षापुरता ग्रेड वनचा शिक्का मिळवून दिला. आणि पाच घोड्यांच्या मैदानात ‘पहिले चार’ म्हणजे शेवटचा सोडून सगळे, हे वेगळंच.

केंटकीतला माझा एक मित्र यर्लिंग (वर्षाची शिंगरं) विकत घेणाऱ्यांसाठी वंशावळी वाचून देतो. त्याच्यासमोर हे मांडलं की तो हसतो. त्याचं म्हणणं, लिलावाच्या कॅटलॉगमध्ये आईच्या नावापुढे ठळक अक्षरात ‘ग्रेड वन’ छापलेलं असतं, तिने कोणाला हरवलं ते नसतं. मैदान पाचाचं होतं की चौदाचं हे तिथे कोणी विचारत नाही. तो शिक्का ज्यांना हवा त्यांना रिकामं मैदान ही अडचण नाही, सोय आहे. या एका वाक्यात त्याने माझा अर्धा ब्लॉग उरकला.

रेसकोर्स बंद होण्याचाही परिणाम आहेच. हॉलिवूड पार्क 2013 च्या शेवटी गेला, शिकागोजवळचा आर्लिंग्टन 2021 मध्ये. आर्लिंग्टन मिलियन ही 1981 मध्ये सुरू झालेली, थरोब्रेडची पहिली दहा लाख डॉलरची रेस, पहिल्याच वर्षी जॉन हेन्रीने नाकाने जिंकलेली. ती आधी चर्चिल डाउन्सला नेली, मग व्हर्जिनियात कलोनियल डाउन्सला. आडनाव गावाचं आणि गाव दुसरंच. केंटकीत मात्र मशिनच्या जुगाराच्या पैशावर साध्या मेडन रेसचं (अजून एकही रेस न जिंकलेल्या घोड्यांच्या) बक्षीस लाखाच्या वर गेलंय, तर मग अर्धवट तयार घोडा घेऊन मोठ्या रेसला जायची घाई कोणाला?

माझ्या हातात असतं तर ग्रेड वनची यादी निम्मी केली असती. पाऊण मैलाच्या, मैलाच्या, फिलींच्या (तरुण माद्यांच्या), टर्फच्या (गवतावरच्या) ज्या रेस दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने वेगवेगळ्या किनाऱ्यांवर होतात, त्यातली एक ठेवायची, बाकीच्या ग्रेड टू. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया दोघेही चिडतील, चिडू द्या. आणि दुसरं, सलग दोन वर्षं सहापेक्षा कमी घोडे आले तर त्या रेसची फाइल आपोआप कमिटीच्या टेबलावर, मग रेटिंग काही का असेना. व्हिटनी 2021 सारखी एखादी रेस यात उगाच अडकेल हे मला माहीत आहे. तिचं रेकॉर्ड एवढं मोठं आहे की ती सुटेलही.

तोवर न्यूयॉर्क राज्यातल्या सॅराटोगाला मोठ्या शनिवारी माझा बेत ठरलेला असतो. ग्रेड वन कठड्याला टेकून फुकट बघायची आणि पैसे आधीच्या क्लेमिंग रेसवर (धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला कोणीही विकत घेऊ शकतो अशी रेस) लावायचे, जिथे बारा घोडे असतात, बारापैकी नऊ जिंकू शकतात आणि एकाच्याही आईचं नाव ठळक अक्षरात नसतं.